औषधी बागेतली पाटी कशी वाचावी

खान्देशातल्या बहुतेक कॉलेजांच्या फाटकातून आत शिरलं की रस्त्याच्या कडेला सरळसोट, लोंबत्या पानांची झाडं ओळीनं उभी दिसतात. कुणालाही विचारा, उत्तर येतं, ‘अशोक’. तो अशोक नव्हे. त्याचं नाव आसुपालव. स्त्रियांच्या विकारांवर आयुर्वेदानं ज्याची साल सांगितली आणि ज्याच्यापासून अशोकारिष्ट बनतं, तो सीता-अशोक हे वेगळंच झाड आहे. आसुपालवाचं पान एकेरी, लांबट, लाटांसारख्या कडांचं असतं आणि फुलं हिरवट चांदण्यांसारखी पानांतच लपलेली असतात. सीता-अशोकाच्या एका देठावर पर्णिकांच्या, म्हणजे एकाच पानाच्या छोट्या भागांच्या, चार ते सहा जोड्या असतात. कोवळी पालवी तांबूस, मलूल, झाडाला लटकलेली दिसते आणि केशरी-लाल फुलांचे गुच्छ थेट फांद्यांवर येतात. सालीच्या बाजारात मात्र अशोकाच्या नावानं आसुपालवाची साल मिसळली जाते, आणि सुकलेल्या तुकड्यावरून ती ओळखणं सामान्य माणसाच्या हातात नसतं.

रोज नजरेसमोर असलेल्या एवढ्या मोठ्या झाडाबाबत ही गफलत होते, तर वीतभर रोपट्यांचं काय होत असेल! म्हणून औषधी बाग पाहायची ती ओळख पक्की करण्यासाठी. जळगाव, धुळे, नंदुरबारकडे अशी बाग पाहायची तर विद्यापीठाचं किंवा महाविद्यालयाचं आवार गाठावं, विशेषतः वनस्पतिशास्त्र, फार्मसी किंवा आयुर्वेद शिकवलं जातं तिथलं. आयुर्वेद महाविद्यालयाला तर बाग असणं ही मान्यतेचीच अट आहे. २००० साली राष्ट्रीय औषधी वनस्पती मंडळ स्थापन झालं आणि त्याच्या योजनांतून संस्थांना अशा बागांसाठी अर्थसाहाय्यही मिळतं.

बागेत दिसते ती वनस्पती. तिचं औषध व्हायला चार गोष्टी जुळाव्या लागतात. वनस्पती नेमकी तीच हवी, तिचं अंग बरोबर हवं, ते योग्य वेळी काढलेलं हवं आणि त्यावरची प्रक्रिया नीट झालेली हवी. पहिल्या दोन गोष्टी बागेत शिकता येतात, तिसरीचा अंदाज येतो. चौथी वैद्याकडेच राहू द्यावी.

पाटीवरच्या ओळी

नीट केलेल्या पाटीवर मराठी नाव, संस्कृत नाव, शास्त्रीय नाव, कुल, उपयुक्त अंग आणि उपयोग अशा पाच-सहा ओळी असतात. येणारे पहिली आणि शेवटची ओळ वाचून पुढं सरकतात. खरी माहिती मधल्या ओळींत असते.

मराठी नाव गावागणिक बदलतं. अश्वगंधेला कुणी आस्कंद म्हणतं, कुणी ढोरगुंज. उलट एकच नाव दोन-तीन वनस्पतींनाही चिकटलेलं असतं. शास्त्रीय नाव दोन शब्दांचं असतं. पहिला शब्द आडनावासारखा, म्हणजे प्रजातीचा, आणि दुसरा त्या घरातल्या एकाचा, म्हणजे जातीचा. ही पद्धत स्वीडनच्या कार्ल लिनियसनं १७५३ च्या ग्रंथातून रूढ केली. नावापुढं एकटं ‘एल.’ दिसलं तर ते नाव लिनियसनं दिलेलं आहे असं समजावं.

ही नावं पोपटासारखी पाठ करायची गरज नाही, त्यांचा अर्थ लावला की ती आपोआप लक्षात राहतात. अश्वगंधेचं नाव विथानिया सोम्निफेरा. यातल्या सोम्निफेराचा अर्थ झोप आणणारी. गुळवेलीचं नाव टिनोस्पोरा कॉर्डिफोलिया, म्हणजे हृदयाच्या आकाराच्या पानाची. सफेद मुसळीच्या क्लोरोफायटम बोरिव्हिलिएनम या नावात तर आपल्या मुंबईचं बोरिवली आहे. पावसाळ्याच्या तोंडी फोडशी किंवा कुळूची भाजी म्हणून हिचीच कोवळी पानं खाल्ली जातात.

पाटी जुनी असेल तर नावही जुनं असतं. तुळशीच्या एका पाटीवर ऑसिमम सॅन्क्टम आणि दुसरीवर ऑसिमम टेनुइफ्लोरम दिसलं तर दोन्ही तुळशी एकच आहेत, फक्त नाव बदललं आहे. अडुळशाचंही तसंच. जुन्या पाटीवर ॲढॅटोडा वासिका, नव्यावर जस्टिशिया ॲढॅटोडा. घरी परतल्यावर माहिती शोधताना दोन्ही नावं हाताशी असली तर अर्धा घोळ वाचतो.

कुल म्हणजे मिळत्याजुळत्या प्रजातींचं घराणं. ही ओळ विद्यार्थीसुद्धा गाळतात, पण ओळख पटवायला तिच्याइतकी मदत कशाचीच होत नाही. तुळशीच्या कुलाचं नाव लॅमिएसी. तुळशीची कोवळी काडी अंगठा आणि तर्जनीत धरून हलकेच फिरवा. ती गोल घरंगळत नाही, चार कडा बोटाला लागतात. पानं समोरासमोर जोडीनं आणि प्रत्येक जोडी खालच्या जोडीला काटकोनात. सब्जा, पुदिना, पानओवा, सगळ्यांचा साचा हाच. उलट सर्पगंधा, सदाफुली, कण्हेर आणि कुडा एका कुलातले. तिथं अल्कलॉइडसारखी तीव्र द्रव्यं असतात आणि पान खुडलं की बहुधा चीक येतो. अनोळखी झाडाचा पांढरा चीक दिसला की हात मागे घ्यायचा, एवढं मुलांना शिकवलं तरी भेट सत्कारणी लागली.

उपयुक्त अंगाच्या ओळीत मूळ, साल, पान, फूल, फळ, बी यांपैकी काहीतरी असतं किंवा ‘पंचांग’ लिहिलेलं असतं. पंचांग म्हणजे मूळ, साल, पान, फूल, फळ ही पाचही अंगं. अंग बदललं की गुण बदलतो. कोरफडीचं पान आडवं कापलं तर सालीलगतून पिवळा कडू रस गळतो, तो जोरदार रेचक आहे. आतला पारदर्शक गर वेगळा. गर वापरायचा तर कापलेलं पान टोक वर करून दहा-पंधरा मिनिटं उभं ठेवायचं, पिवळा रस निथळू द्यायचा, मग धुऊन सोलायचं. ही पायरी गाळली की पोट बिघडतं आणि दोष कोरफडीला दिला जातो.

सर्पगंधेचं औषधी अंग मूळ. मुंबईचे डॉ. रुस्तम जाल वकील यांनी उच्च रक्तदाबावर तिचा उपयोग १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमधून जगापुढं मांडला आणि १९५२ मध्ये तिच्या मुळातून रेसर्पिन हे रक्तदाब उतरवणारं द्रव्य वेगळं काढलं गेलं. मागणी वाढली, पण मूळ काढायचं म्हणजे झाडच उपटायचं. रानातून ती झपाट्यानं कमी झाली आणि आज तिच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर निर्बंध आहेत. बागेत तिची गुलाबी-पांढरी फुलं दिसली तर चार क्षण थांबावं.

‘उपयोग’ ही शेवटची ओळ सर्वांत सावधपणे वाचायची. तिथं ‘मधुमेह’, ‘मूतखडा’, ‘कावीळ’ असं एका शब्दात लिहिलेलं असतं. परंपरेत या विकाराच्या औषधांमध्ये ही वनस्पती येते, एवढाच त्याचा अर्थ. किती, कशाबरोबर, किती दिवस, कोणी घेऊ नये, यांतलं काहीच पाटीवर मावत नाही. सदाफुलीचं पाहा. मधुमेहावर सदाफुलीची पानं चावून खाणारे लोक आजही भेटतात. कॅनडात रॉबर्ट नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५० च्या दशकात हाच गुण तपासायला घेतला होता. उंदरांच्या रक्तातल्या साखरेत फारसा फरक पडला नाही, पांढऱ्या पेशी मात्र झपाट्यानं घटल्या. तिथूनच व्हिनब्लास्टिन हे कर्करोगावरचं औषध हाती आलं, त्यापाठोपाठ व्हिन्क्रिस्टिन. ही औषधं रक्ताची तपासणी करत, मोजून मापून शिरेतून देतात. तीच द्रव्यं ज्या पानांत आहेत ती रोज सकाळी चावायची, हे साखर उतरवण्याचं साधन नव्हे.

ब्राह्मी म्हणून काय दाखवतात

शेडनेटखालच्या ओलसर वाफ्यात ‘ब्राह्मी’ची पाटी हमखास सापडते. पाटीखाली काय उगवलंय ते खाली बसून पाहा. पान मूत्रपिंडाच्या आकाराचं, कडेला बारीक दंतुर, लांब देठावर एकेकटं छत्रीसारखं उभं असेल आणि जमिनीवर धावणाऱ्या दोरीच्या पेराला मुळं फुटलेली असतील, तर ती मंडूकपर्णी, म्हणजे सेंटेला एशियाटिका. पान जाडसर, मांसल, नखाएवढं, देठ जवळपास नाहीच, समोरासमोर जोडीनं लागलेलं आणि फूल पांढरं किंवा फिकट जांभळं असेल, तर ती नीरब्राह्मी, बॅकोपा मोनिएरी. महाराष्ट्रातल्या नर्सरीत ब्राह्मी मागितली की बहुधा मंडूकपर्णीच हातात ठेवतात. दोन्ही बुद्धिवर्धक मानल्या आहेत, दोन्हींना मोल आहे, पण घटक वेगळे आणि कुलंही वेगळी. ग्रंथातली मात्रा एकीची आणि घेतली दुसरी, असं होऊ नये.

शंखपुष्पीचा घोळ याहून मोठा. या नावानं कुठं कॉन्व्हॉल्व्ह्युलस, कुठं निळ्या टिकलीएवढ्या फुलाची विष्णुक्रांता आणि दक्षिणेत गोकर्ण दाखवतात. म्हणून वहीत नुसतं ‘शंखपुष्पी’ लिहून आणणं फुकट आहे.

गुळवेल, जवळून

कोरोनाच्या काळात घरोघरी गुळवेलीचा काढा उकळला आणि कुंपणावरच्या मिळेल त्या वेली तोडल्या गेल्या. २०२१ मध्ये मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्या काही रुग्णांच्या यकृताला इजा झाल्याची नोंद प्रसिद्ध केली. आयुष मंत्रालयाचं म्हणणं पडलं की वनस्पतीची ओळख तपासलेली नाही आणि टिनोस्पोरा क्रिस्पा ही दिसायला जवळची वेल घातक ठरू शकते. पुढच्या वर्षी देशभरातल्या अनेक रुग्णालयांच्या नोंदी एकत्र झाल्या, तेव्हा खऱ्या गुळवेलीनंतरही असं होताना दिसलं, विशेषतः शरीराची प्रतिकारयंत्रणा स्वतःच्याच यकृतावर उलटण्याची प्रवृत्ती आधीपासून असलेल्यांमध्ये. तेव्हा दोन गोष्टी वेगळ्या ठेवाव्या. ओळख चुकणं हा एक धोका. ओळख बरोबर असूनही ती प्रत्येकाला मानवेलच असं नाही, हा दुसरा. यकृताचा, थायरॉइडचा किंवा संधिवाताचा उपचार चालू असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय काढा घेऊ नये.

ओळख बागेत पक्की करता येते. निंबावर चढलेली वेल शोधा. निंबावरची गुळवेल वैद्य अधिक चांगली मानतात, म्हणून बागेत ती मुद्दाम तशीच चढवलेली असते. वरून बारीक दोऱ्यांसारखी मुळं लोंबताना दिसतील. खोडावर कागदासारखा पातळ, राखाडी-पिवळसर पापुद्रा असतो. माळ्याला विचारून तो नखानं जरासा खरवडला की खाली हिरवंगार निघतं. खोडावर बारीक ठिपके असतात, पण बोट फिरवलं तर टोचतील अशा ठळक गाठी नसतात आणि दुधी चीक येत नाही. क्रिस्पाचं खोड करडं, त्यावर गाठीच गाठी, आणि कापल्यावर दुधी स्राव येतो. फळांवरूनही फरक कळतो. गुळवेलीची गोल, पिकल्यावर लाल, घोसानं लागतात, क्रिस्पाची लांबट आणि नारिंगी. मात्र गुळवेलीच्या नर आणि मादी वेली वेगळ्या असतात. नर वेलीला जन्मभर फळ धरत नाही, म्हणून फळ नाही यावरून निष्कर्ष काढू नये.

माळ्याकडं छाटलेला तुकडा असेल तर त्याचा आडवा काप पाहायला मागा. मधून कडेपर्यंत आऱ्या गेलेलं बैलगाडीचं चाक दिसतं. म्हणूनच तिचं एक संस्कृत नाव चक्रलक्षणा. दुसरं छिन्नरुहा, म्हणजे कापली तरी पुन्हा रुजणारी. जुन्या लोकांनी ओळखीच्या खुणा नावातच बांधून ठेवल्या आहेत.

हात न लावायची झाडं

बऱ्याच बागांत नक्षत्रवन असतं, सत्तावीस नक्षत्रांची सत्तावीस झाडं. ते श्रद्धेनं पाहावं, पण आपल्या नक्षत्राचं झाड म्हणजे आपलं औषध असा अर्थ काढू नये. पहिल्याच अश्विनी नक्षत्राचं झाड कुचला, आणि त्याच्या बीत स्ट्रिक्निन हे जहाल विष असतं.

गुंजेची वेल मुलांना सगळ्यात जास्त ओढून घेते. लाल बी, डोक्यावर काळा ठिपका. पूर्वी सराफ याच बियांनी सोनं तोलत. आठ गुंजांचा मासा आणि बारा माशांचा तोळा, म्हणजे ९६ गुंजांचा एक तोळा. सोन्यासाठी नाव काढलेल्या जळगावच्या मुलांना हे सांगितलं की ती बी विसरत नाहीत. त्याच दमात हेही सांगा की तिच्यात ॲब्रिन असतं. अख्खी बी गिळली तर कठीण कवचामुळं तशीच बाहेर पडू शकते, पण चावली किंवा माळ करायला टोचली तर जिवावर बेतते.

कळलावी ऑगस्ट-सप्टेंबरात फुलते. तिच्या पानाचं टोक पाहाच. पान संपतं तिथं ते घड्याळाच्या स्प्रिंगसारखं वळतं आणि शेजारच्या काडीला धरून वेल वर चढते. ज्वाळांसारखी पिवळी-लाल फुलं सुंदर आहेत, पण कंदात कोल्चिसिन असतं आणि खाण्याचा कंद समजून तो खाल्ल्यानं माणसं दगावली आहेत. बिब्ब्याच्या फळाचा रस अंगाला लागला की फोड येतात, रुईचा चीक डोळ्यात गेला की बुबुळाला इजा होते. धोतरा आणि दोन्ही कण्हेरी याच यादीतल्या. अंगाला चीक लागला तर चोळू नका, भरपूर पाण्यानं धुवा. डोळ्यात गेला तर वाहत्या पाण्याखाली पंधरा मिनिटं डोळा धुऊन थेट दवाखाना गाठा.

केव्हा जावं, कसं जावं

आपल्याकडं जळगाव-भुसावळचा पारा मे महिन्यात ४५ च्या पुढं जातो. आखाजीच्या सुमाराला बागेत गेलात तर निम्म्या पाट्यांखाली नुसती माती दिसेल. झाडं मेलेली नसतात. सफेद मुसळी, कळलावी यांचे कंद जमिनीत झोपलेले असतात आणि मृगाच्या पावसानंतर वर येतात. पोळ्यापासून दिवाळीपर्यंतचा काळ सर्वांत चांगला, कारण पानं, फुलं, फळं एकदम दिसतात. मोहाची फुलं पाहायची तर मात्र मार्च-एप्रिलच गाठावा लागतो. सकाळी साडेसात ते साडेनऊ ही वेळ बरी. दुपारी पानं मलूल पडतात आणि पाहणारेही.

काही रोपं नीट वाढलेली दिसत नाहीत, त्याला आपली माती कारण आहे. काळी कसदार जमीन कापसाला मानवते, पण पावसाळ्यात पाणी धरून ठेवते आणि मुळ्या-कंद कुजतात. उन्हाळ्यात तिला भेगा पडतात आणि बारीक मुळं तुटतात. म्हणून चांगल्या बागेत मुसळी, अश्वगंधा, शतावरी मीटरभर रुंद, वीतभर उंच गादीवाफ्यांवर असतात, मातीत वाळू आणि शेणखत मिसळलेलं असतं, वर पाचटाचं किंवा केळीच्या वाळल्या पानांचं आच्छादन असतं. वेखंड उलट चिखलातच राहतं, त्याला टाकी करावी लागते. पाहताना हेही टिपून घ्या, घरी लावताना उपयोगी पडतं.

गटानं जाणार असाल तर आठ-दहा दिवस आधी विभागप्रमुखांच्या नावे पत्र द्या. तारीख, वेळ, संख्या आणि उद्देश लिहा. एका मार्गदर्शकामागं पंधरा-वीसजण पुरे, त्याहून जास्त झाले की मागच्यांना काही ऐकू येत नाही. माळीदादांना सोबत यायची विनंती जरूर करा. कुठली पाटी वादळात पडून दुसऱ्याच वाफ्यात खोचली गेली, कुठलं रोप मरून त्या जागी तण वाढलं, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत नसतं. पाटी आणि झाड जुळत नाही अशी शंका आली तर पाटीवरचं कुल पाहा आणि समोरच्या झाडाचा साचा तसा आहे का ते ताडून बघा.

पान तोडायचं नाही, फोटो काढायचे. एका वनस्पतीचे सहा: पाटी, पूर्ण झाड, फांदीवर पानं कशी लागली आहेत ते, पानाची दोन्ही अंगं, फूल किंवा फळ, आणि खोड. शेजारी एक रुपयाचं नाणं किंवा मोजपट्टी धरा, नाहीतर आकार कळत नाही. पाटीचा फोटो नेहमी आधी काढा, मग झाडाचे. क्रम एकदा ठरवला की घरी गेल्यावर कुठलं पान कशाचं याचा गोंधळ होत नाही.

घरी लावायला गुळवेल हवी असेल तर छाटणीच्या वेळी संस्थेकडं रीतसर मागा. बोटाएवढ्या जाड खोडाचा वीतभर, दोन पेरांचा तुकडा पावसाच्या सुरुवातीला लावावा, एक पेर मातीत आणि एक वर. वरची बाजू कोणती ते असं ओळखा: पेराजवळ गळालेल्या पानाचा गोल वण असतो आणि डोळा त्या वणाच्या लगेच वर असतो. वण खाली, डोळा वर, अशीच कांडी धरून लावा. उलटी खोचलेली कांडी बहुधा कुजते.